जमीन, वंश आणि कागद : वेल्समधील जमीनदार घराण्यांच्या दप्तरांचा परिचय

१. प्रास्ताविक

एखाद्या देशाचा इतिहास लिहिताना राजाज्ञा, तह आणि दरबारी पत्रव्यवहार ह्यांच्याकडे अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या देशाचे राज्यच लवकर लयाला गेले, त्याच्या इतिहासाची साधने कोठे शोधावयाची? ब्रिटन बेटाच्या पश्चिम भागातील वेल्सच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. ११ डिसेंबर १२८२ रोजी ल्यूवेलिन आप ग्रिफिद हा वेल्सचा राजपुत्र मारला गेला आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो देश जिंकून घेतला. इ. स. १४०० मध्ये ओवेन ग्लिनदूरने केलेल्या उठावाचा अपवाद सोडला, तर त्यानंतर वेल्सला स्वतःचा दरबार उरला नाही. राज्यकारभाराचे दप्तर लंडनमध्ये साठत गेले. जमिनीचे दप्तर मात्र घराण्याघराण्यांच्या पेट्यांत व कपाटांत राहिले. म्हणून मध्ययुगाच्या अखेरीपासून विसाव्या शतकापर्यंतच्या वेल्सचा सामाजिक इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याला जमीनदार घराण्यांच्या कागदपत्रांकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

ही दप्तरे कशी निर्माण झाली, त्यांत कोणकोणत्या प्रकारचे कागद आढळतात, ते वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते आणि त्यांतून कोणाचा इतिहास कळतो व कोणाचा झाकला जातो, ह्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ह्यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण हे कागद ज्यांनी लिहविले व जपले ते जमिनीचे मालक होते. ज्यांनी ती जमीन कसली ते नव्हेत.

२. ग्वेलीपासून इस्टेटीपर्यंत

वेल्सचा जुना कायदा दहाव्या शतकातील राजा हवेल द ह्याच्या नावाने ओळखला जातो. ह्या कायद्याप्रमाणे स्वतंत्र माणसाची जमीन ही एकट्याची मालमत्ता नसून कुळाचा ठेवा मानली जाई. एका मूळ पुरुषापासून उत्पन्न झालेल्या व एकत्र जमीन धारण करणाऱ्या अशा भाऊबंदांच्या समूहाला ‘ग्वेली’ म्हणत. ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘बिछाना’ असा आहे. बापाच्या पश्चात जमीन सर्व मुलांत वाटली जाई आणि वडिलांचे राहते घर धाकट्या मुलाकडे जाई. अशा व्यवस्थेत कोणालाही आपला हिस्सा कायमचा विकून टाकण्याचा अधिकार नव्हता, कारण त्या हिश्श्यावर अजून न जन्मलेल्या वंशजांचाही हक्क होता.

१२८४ च्या रुडलन येथील कायद्याने इंग्रजी फौजदारी कायदा वेल्समध्ये आणला. तथापि मुलांत जमीन वाटण्याची पद्धत त्याने कायम ठेवली. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या हिस्से लहान होत गेले. चौदाव्या शतकाच्या मध्यावरील महामारी आणि ग्लिनदूरच्या उठावातील वाताहत ह्यांमुळे पुष्कळ जमिनी ओसाड पडल्या. अशा वेळी ज्यांच्याजवळ रोख पैसा होता त्यांनी जमिनी गोळा करण्यास प्रारंभ केला.

पण जी जमीन विकताच येत नाही, ती विकत घ्यावयाची कशी? ह्या अडचणीतून ‘प्रीड’ नावाचा व्यवहार पुढे आला. ह्यात जमिनीचा धनी काही रक्कम घेऊन आपली जमीन सामान्यतः चार वर्षांच्या मुदतीने दुसऱ्याच्या ताब्यात देई. मुदतीत रक्कम परत केली नाही, तर व्यवहार आणखी चार वर्षे चाले आणि पुढेही असाच चालू राही. नावाने हे गहाण होते. व्यवहारात ती विक्री होती. कायद्याचा शब्द अबाधित राखून त्याचा हेतू कसा निष्फळ करता येतो, ह्याचे हे बोलके उदाहरण होय. उत्तर वेल्समधील अनेक घराण्यांच्या दप्तरांतील प्राचीन कागद ह्याच प्रकारचे आहेत. म्हणजे ज्या कागदांनी एका घराण्याची मिळकत उभी केली, त्याच कागदांनी अनेक लहान घराण्यांची मिळकत संपविली. संग्रहात राहिला तो विजेत्याचा कागद.

१५३६ व १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडमध्ये पूर्णपणे विलीन करण्यात आला. जमिनीची वाटणी रद्द होऊन ज्येष्ठ पुत्राचा वारसाहक्क प्रस्थापित झाला आणि न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली. ह्याच सुमारास मठ विसर्जित झाल्यामुळे त्यांच्या विस्तीर्ण जमिनी विक्रीस निघाल्या. ११४७ मध्ये स्थापन झालेल्या मार्गम येथील मठाची जमीन सर राइस मॅन्सेल ह्यांनी १५४० च्या सुमारास विकत घेतली. जमिनीबरोबर मठाचे दप्तरही त्यांच्या हाती आले. ब्रिटनमधील बहुतेक मठांची दप्तरे विखुरली वा नष्ट झाली. मार्गमचे दप्तर मात्र मालकीचा पुरावा म्हणून एका जमीनदार घराण्याने जपले आणि त्यामुळेच ते आज उपलब्ध आहे. भक्तीने जे वाचले नाही, ते मालकीच्या चिंतेने वाचविले, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या संक्रमणाचे प्रतिबिंब कॉन्वी नदीच्या खोऱ्यातील ग्विदिरच्या विन घराण्याच्या कागदांत स्पष्ट दिसते. सर जॉन विन (१५५३–१६२७) ह्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १७७० मध्ये प्रथम छापला गेला. वाटणीच्या पद्धतीने वेल्समधील घराणी रसातळाला गेली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपला एक पूर्वज भाऊबंदांच्या रक्तरंजित कलहाला कंटाळून वडिलार्जित प्रदेश सोडून दुसऱ्या खोऱ्यात कसा स्थायिक झाला, हेही ते सांगतात. मात्र हा ग्रंथ वाचताना एक गोष्ट विसरून चालणार नाही : आपला वंश थोर आणि आपला हक्क जुना आहे, हे सिद्ध करण्याची लेखकाला गरज होती. वंशावळ ही तेथे हौस नव्हती; ती मिळकतीचा पुरावा होती.

३. दस्तऐवजांचे प्रकार

एखाद्या मोठ्या घराण्याच्या दप्तरात हजारो कागद असतात. त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतील : मालकी सिद्ध करणारे दस्तऐवज, घराण्यांतर्गत व्यवस्थेचे कागद, म्हणजे विवाहपूर्व करार व मृत्युपत्रे, कारभाराचे कागद, म्हणजे खंडवह्या, मोजणीचे नकाशे व हिशेब, आणि पत्रव्यवहार.

पहिल्या वर्गातील पुष्कळसे दस्तऐवज ‘इंडेंचर’ ह्या प्रकारात मोडतात. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहून मधोमध नागमोडी रेषेत तो कापीत आणि प्रत्येक पक्ष एकेक भाग घेई. पुढे वाद उद्‌भवल्यास दोन्ही कडा जुळतात की नाही, हे पाहून खरेखोटे ठरविता येई. न्यायालयीन समेटाच्या दस्तऐवजात हीच युक्ती तीन भागांत योजिलेली असे आणि तळाचा भाग न्यायालयाच्या दप्तरी राही. हा समेट बहुधा लुटुपुटीच्या दाव्यातून निर्माण होई. विकत घेणारा विकणाऱ्यावर दावा लावी, विकणारा तो मान्य करी आणि खरेदीला न्यायालयाचे शिक्कामोर्तब मिळे. तेव्हा असा कागद हाती आल्यावर त्या दोघांत वैर होते, असा निष्कर्ष नवख्या अभ्यासकाने काढू नये.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे ‘लीज आणि रिलीज’ ही दस्तऐवजांची जोडी. सतराव्या शतकापासून १८४१ पर्यंत जमिनीची विक्री बहुधा ह्याच मार्गाने होत असे. पहिल्या दिवशी विकणारा एका वर्षाच्या भाडेपट्ट्याने जमिनीचा ताबा देई. त्याचा मोबदला नाममात्र, बहुधा पाच शिलिंग इतका असे. दुसऱ्या दिवशी स्वतंत्र दस्तऐवजाने तो आपला उरलेला हक्कही सोडून देई आणि खरी किंमत ह्या दुसऱ्या कागदात येई. सरकारी नोंदणी टाळून व्यवहार गुप्त ठेवणे, हा ह्यातील लाभ होता. कालौघात जोडीतील दुसरा कागद हरवला आणि पहिलाच उरला, तर शेकडो एकर जमीन पाच शिलिंगांना एका वर्षासाठी दिली गेली, असा विपरीत समज होऊ शकतो.

विवाहपूर्व करार हे घराण्याच्या राजकारणाचे खरे दप्तर होय. सतराव्या शतकाच्या मध्यापासून ह्या करारांना असे रूप आले की, मिळकतीचा तत्कालीन धनी केवळ हयातीपुरता भोगवटादार ठरे आणि विश्वस्तांमार्फत ती जन्मास येणाऱ्या ज्येष्ठ पुत्रासाठी राखून ठेवली जाई. विधवेची तरतूद, मुलींचे हुंड्यासारखे हिस्से आणि धाकट्या मुलांची रक्कम ह्याच करारात ठरे. ह्या रकमा उभारण्यासाठी जमीन गहाण पडे. म्हणून ज्या दप्तरात लग्ने पुष्कळ, तेथे गहाणखतेही पुष्कळ आढळतात. जुन्या कायद्यात ज्या वंशजांसाठी जमीन राखली जाई ते सर्व भाऊ होते. नव्या व्यवस्थेत तो एकटा ज्येष्ठ पुत्र होता. न जन्मलेल्याचा हक्क दोन्हीकडे मानला गेला. फरक पडला तो कोणाचा मानावयाचा ह्यात.

पुरुषवंश खुंटला की मिळकत मुलीकडे आणि तिच्या विवाहामुळे दुसऱ्या घराण्याकडे जाई. अठराव्या शतकात असे वारंवार घडले. मार्गमची मिळकत मॅन्सेल घराण्याच्या कन्येमार्फत टॅलबट घराण्याकडे गेली आणि त्याच घराण्याच्या नावाने पुढे पोर्ट टॅलबट हे बंदर वसले. कार्डिफचा किल्ला व त्याभोवतालची विस्तीर्ण जमीन १७६६ च्या एका विवाहाने ब्यूट ह्या स्कॉटिश घराण्याकडे गेली. ह्यामुळे वेल्समधील एखाद्या खोऱ्याचे कागद इंग्लंड वा स्कॉटलंडमधील वाड्यातही सापडण्याचा संभव असतो. कागद जमिनीमागे जात नाहीत. ते मालकामागे जातात.

तिसऱ्या वर्गातील ‘तीन आयुष्यांचा पट्टा’ हा विशेष लक्षणीय आहे. पट्ट्याची मुदत वर्षांत न सांगता त्यात तीन व्यक्तींची नावे नमूद करीत. बहुधा कूळ स्वतः, त्याची पत्नी व एखादे मूल, अशी ती नावे असत. तिघांपैकी शेवटची व्यक्ती मरण पावेपर्यंत जमीन त्या कुटुंबाकडे राही. मुलाच्या आयुष्यावर सर्व कुटुंबाचे छप्पर अवलंबून असे. बालमृत्यू हा तेथे शोकाबरोबरच धोकाही होता. अशा पट्ट्यांत रोख खंडाखेरीज कोंबड्या, कापणीच्या वेळी काही दिवसांची वेठ, कोळशाची वाहतूक, मालकाच्याच गिरणीत धान्य दळण्याची सक्ती, क्वचित मालकाचा शिकारी कुत्रा पोसण्याची अट, असे नाना बोजे लिहिलेले असतात. पुढे हे दीर्घ पट्टे मागे पडून वर्षावर्षाच्या कराराची पद्धत रूढ झाली आणि कुळाची स्थिती अधिक अस्थिर बनली.

४. वाचनातील काही अडचणी

पहिली अडचण भाषेची. जुने दस्तऐवज लॅटिनमध्ये आणि सोळाव्या शतकापासून बव्हंशी इंग्रजीत आहेत. न्यायालयीन अभिलेखांतील लॅटिनचा वापर १७३३ मध्ये बंद झाला. वेल्श भाषेतील दस्तऐवज अत्यंत दुर्मिळ आहेत. ज्यांच्या जमिनीचे हे कागद आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांना ते वाचता आले नसते, वाचून दाखविले तरी समजले नसते. पण एका ठिकाणी ही भाषा दस्तऐवजातून हद्दपार करता आली नाही. ते ठिकाण म्हणजे चतुःसीमा. शेताला ‘काइ’, सखल कुरणाला ‘दोल’, पाणथळ जागेला ‘ग्वेर्न’, अशी नावे इंग्रजी वाक्यात जशीच्या तशी बसविलेली आढळतात. ‘पांदी’ म्हणजे लोकरी कापड कुटण्याची पाणचक्की. आज जेथे चक्कीचा मागमूस नाही तेथे हे नाव असेल, तर तो व्यवसाय तेथे एके काळी चालत असे, हे कळते. ‘हेंद्रे’ हे हिवाळी वस्तीचे आणि ‘हावोद’ हे उन्हाळ्यात डोंगरावर गुरे नेण्याच्या वस्तीचे नाव. ह्या दोन नावांच्या स्थानांवरून ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या स्थलांतराचा नकाशा काढता येतो.

दुसरी अडचण कालगणनेची. १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्च रोजी सुरू होई. म्हणून एखाद्या दस्तऐवजावर १० फेब्रुवारी १७०० अशी तारीख असेल, तर आपल्या गणनेप्रमाणे ते वर्ष १७०१ समजावयाचे. पुष्कळदा तारीख राज्यारोहणाच्या वर्षाने दिलेली असते. पहिली एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ रोजी गादीवर आली. तेव्हा तिचे दहावे वर्ष म्हणजे १७ नोव्हेंबर १५६७ पासून १६ नोव्हेंबर १५६८ पर्यंतचा काळ होय. हा हिशेब चुकला, तर बापाच्या मृत्यूपूर्वीच मुलाने जमीन विकली, असे अनर्थ घडतात.

तिसरी अडचण नावांची. वेल्समध्ये आडनाव नव्हते. ‘आप’ म्हणजे पुत्र आणि ‘वेर्ख’ म्हणजे कन्या, हे शब्द लावून पूर्वजांची मालिका सांगत. सहा-सात पिढ्या उच्चारणारा साक्षीदार इंग्रज न्यायाधीशाला असह्य होई. मॉस्टिन घराण्याच्या परंपरेनुसार १५३९ च्या सुमारास रोलंड ली ह्या अधिकाऱ्याने अशा लांबलचक नावांना कंटाळून ती आखूड करण्यास सांगितले आणि त्या घराण्याने आपल्या वाड्याचे नाव आडनाव म्हणून स्वीकारले. इतरांच्या बाबतीत ‘आप राइस’चे प्राइस, ‘आप हवेल’चे पॉवेल आणि ‘आब ओवेन’चे बोवेन झाले. एकाच कुटुंबातील तीन भावांची तीन आडनावे असू शकतात, हे ध्यानात न घेतल्यास वंशावळ चुकते.

५. इस्टेटीच्या सीमेबाहेरील जग

ह्या दप्तरांचे क्षेत्र केवळ वेल्सच्या शेतांपुरते मर्यादित नाही. डाउलाइस येथील खनिजांचा ९९ वर्षांचा पट्टा १७४८ मध्ये अगदी अल्प खंडाने देण्यात आला. त्या जमिनीखाली काय दडले आहे, ह्याची पट्टा देणाऱ्यांना कल्पना नव्हती. त्याच जागी पुढे जगातील मोठ्या लोखंडी कारखान्यांपैकी एक उभा राहिला. १८४८ मध्ये मुदत संपताना ब्यूट घराणे व कारखानदार ह्यांच्यात नूतनीकरणासाठी झालेली रस्सीखेच त्या दोन्ही बाजूंच्या पत्रव्यवहारात वाचावयास मिळते.

पेन्‌रिन घराण्याच्या कागदांची कथा अधिक उद्‌बोधक आहे. रिचर्ड पेनंट ह्यांचे उत्पन्न जमैकातील उसाच्या मळ्यांवर व तेथील गुलामांच्या श्रमावर अवलंबून होते. हाच पैसा उत्तर वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणींत, रस्त्यांत व बंदरात गुंतविण्यात आला. बँगोर विद्यापीठाच्या दप्तरखान्यात वेल्समधील कुळांच्या खंडवह्या आणि जमैकाहून आलेली पत्रे व गुलामांच्या नोंदी एकाच घराण्याच्या संग्रहात आढळतात. गुलामगिरी नष्ट झाल्यावर ह्या घराण्याला ७६४ गुलामांपोटी १४,६८३ पौंड नुकसानभरपाई मिळाली. गुलामांना काही मिळाले नाही. ह्याच खाणींत १९०० ते १९०३ असा दीर्घ संप झाला. हे सर्व एका सूत्रात गुंफलेले आहे, हे दप्तर अखंड राहिल्यामुळेच दिसते.

हिंदुस्थानच्या इतिहासाच्या अभ्यासकाने पोविस किल्ल्याच्या दप्तराची दखल घेणे अगत्याचे आहे. रॉबर्ट क्लाइव्हचा पुत्र एडवर्ड क्लाइव्ह ह्याने १७८४ मध्ये पोविसच्या हर्बर्ट घराण्यातील हेन्रिएटा हिच्याशी विवाह केला. तिचा भाऊ १८०१ मध्ये निःसंतान वारला आणि मिळकत तिच्या मुलाकडे आली. त्या मुलाने १८०७ मध्ये क्लाइव्ह हे नाव टाकून हर्बर्ट हे नाव धारण केले. बंगालमध्ये मिळविलेले धन अशा रीतीने वेल्समधील जुन्या नावाखाली विलीन झाले. एडवर्ड क्लाइव्ह १७९८ ते १८०३ ह्या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. श्रीरंगपट्टणचा पाडाव आणि ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह ह्याच काळातील होत. तहानंतर आर्थर वेलस्ली मद्रास इलाख्याचे सैन्य घेऊनच पुण्याकडे निघाला. पोविस घराण्याचे आणि क्लाइव्हचे कागद वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असल्यामुळे मराठ्यांच्या उत्तरकालीन इतिहासाचा धागा अशा अनपेक्षित स्थळीही जाऊन पोहोचतो.

आणखी एक दुवा येथे नमूद करण्याजोगा आहे. एलायहू येल हा मद्रासचा गव्हर्नर उत्तर वेल्समधील घराण्यातील. याल ह्या परगण्यावरूनच त्याचे आडनाव पडले. त्याच्या कारकिर्दीत, १६९० मध्ये, कंपनीने कडलूरजवळील देवनापट्टणचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. छत्रपती राजाराम महाराज त्या वेळी जिंजीस होते. किल्ल्याबरोबर भोवतालची जमीनही द्यावयाची होती आणि तिची सीमा तोफेच्या गोळ्याने ठरली : किल्ल्यावरून चहूकडे तोफा डागल्या आणि गोळे जेथवर पडले तेथवरची गावे कंपनीची झाली. ह्या किल्ल्याला वेल्सचा संरक्षक संत डेव्हिड ह्याचे नाव देण्यात आले. गंमत अशी की, खुद्द वेल्समधील गरिबांत ह्याच्याशी मिळताजुळता एक समज प्रचलित होता. गायरानावर एका रात्रीत घर बांधून पहाटे धुराड्यातून धूर निघाला, तर ते घर बांधणाऱ्याचे होते. आणि दारात उभे राहून फेकलेली कुऱ्हाड जेथे पडेल तेथवर त्याची जमीन, असे लोक मानीत. ह्या घराला ‘ती इन्नोस’ म्हणजे एका रात्रीचे घर म्हणत. तोफेच्या गोळ्याचा हक्क दस्तऐवजात नोंदला गेला. कुऱ्हाडीच्या हक्काला कायद्याने कधीच मान्यता दिली नाही.

६. कुळांचा आवाज

इतके विपुल कागद असूनही कुळांचा स्वतःचा शब्द त्यांत क्वचितच ऐकू येतो. कूळ खंडवहीत एक नाव व एक रक्कम म्हणून येते, पट्ट्याच्या तळाशी सही न येणाऱ्या माणसाची खूण म्हणून येते, अर्जात याचक म्हणून येते. १८७२ च्या कायद्यापूर्वी मतदान उघडपणे होत असे. १८६८ च्या निवडणुकीत मालकाच्या इच्छेविरुद्ध मत दिल्यामुळे पश्चिम वेल्समधील अनेक कुळांना जमिनीवरून काढून टाकण्यात आले आणि त्यामुळे मोठा क्षोभ उसळला. १८९३ मध्ये वेल्समधील जमिनीच्या प्रश्नावर शाही आयोग नेमण्यात आला; त्याचा अहवाल १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. मालक आणि कारभारी इंग्रजी बोलणारे व आंग्ल चर्चचे, तर कुळे वेल्श बोलणारी व बहुधा स्वतंत्र प्रार्थनामंदिरांची अनुयायी, हा भेद त्या साक्षींतून प्रकर्षाने दिसून येतो.

येथे अभ्यासकाने दोन्ही बाजूंनी सावध राहावे. खंडवहीत एका वर्षी असलेले नाव पुढील वर्षी नाहीसे झाले, तर तेवढ्यावरून जुलूम सिद्ध होत नाही. तो मनुष्य मेला असेल, स्थलांतरित झाला असेल किंवा त्याच्या जागी जावयाचे नाव लागले असेल. उलट, कारभाऱ्याच्या पत्रात हकालपट्टीचा उल्लेख नाही, म्हणून ती झालीच नाही, असेही म्हणता येत नाही. खंडवही, कारभाऱ्याची पत्रे, वृत्तपत्रे आणि आयोगापुढील साक्षी एकत्र ठेवून वाचल्यावरच काही निश्चित विधान करता येते. त्याचबरोबर, वाईट वर्षात खंडाची सूट दिल्याच्या नोंदीही ह्याच वह्यांत आहेत, हे नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

७. दप्तरांचे विघटन आणि जतन

१८७३ च्या सरकारी गणतीत सर वॉटकिन विल्यम्स विन ह्यांच्या विन्स्टे इस्टेटीचे क्षेत्र सुमारे १,४५,००० एकर भरले. वेल्समधील ती सर्वांत मोठी मिळकत होती. परंतु पुढील अर्धशतकात अशा मिळकतींचा पाया ढासळला. १९१० नंतर आणि विशेषतः पहिल्या महायुद्धानंतर जमिनी मोठ्या प्रमाणावर विक्रीस निघाल्या व त्या अनेकदा कसणाऱ्या कुळांनीच विकत घेतल्या. वाडे ओस पडले, कित्येक पाडले गेले. १९२५ च्या मालमत्ताविषयक कायद्याने मालकी सिद्ध करण्यासाठी फार जुने दस्तऐवज दाखविण्याची गरज उरली नाही. ज्या कागदांना शतकानुशतके कुलुपात जपले ते एकाएकी निरुपयोगी ठरले. काही रद्दीत गेले, काही चर्मपत्रांपासून दिव्यांची आच्छादने बनली आणि दुसऱ्या महायुद्धातील कागदसंकलनाच्या मोहिमेत आणखी कित्येक नाहीसे झाले. आगीचे संकट तर नेहमीचेच. विन्स्टेचा वाडा १८५८ मध्ये जळाला, तेव्हा मौल्यवान हस्तलिखितेही भस्मसात झाली.

जे वाचले त्याचे बरेचसे श्रेय ॲबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयास आहे. १९०७ च्या सनदेने स्थापन झालेल्या ह्या संस्थेला १९०९ मध्ये हेंगूर्त व पेनियार्थ येथील हस्तलिखितांचा संग्रह सर जॉन विल्यम्स ह्यांच्यामुळे प्राप्त झाला. सतराव्या शतकात रॉबर्ट वॉन ह्या लहानशा जमीनदाराने तो जमविला होता. वेल्श वाङ्‌मयातील काही प्राचीनतम ग्रंथ त्यात आहेत. पुढे मार्गम, ट्रेडीगर, पोविस, विन्स्टे आदी घराण्यांची दप्तरे तेथे आली. १९२६ मध्ये ग्विदिरच्या विन घराण्याच्या कागदांची सूची ग्रंथालयाने प्रसिद्ध केली आणि १९२७ मध्ये क्रॉसवुड येथील दस्तऐवजांची. उत्तरेकडील पेन्‌रिन, मॉस्टिन वगैरे संग्रह बँगोर येथे आहेत. तेथील विद्यापीठात २०१५ पासून वेल्समधील इस्टेटींच्या अभ्यासाला वाहिलेली स्वतंत्र संस्था कार्य करीत आहे. मार्गमच्या कागदांची पद्धतशीर सूची करवून घेणाऱ्या एमिली टॅलबट (१८४०–१९१८) ह्यांचा उल्लेख येथे आवर्जून केला पाहिजे. ज्या स्त्रिया दस्तऐवजांत बहुधा वारस म्हणून किंवा विधवा म्हणूनच दिसतात, त्यांच्यापैकीच एकीने ते दस्तऐवज अभ्यासकांना खुले करून दिले.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जमीनदार घराण्याचे दप्तर हे त्या घराण्याच्या गौरवाचे साधन म्हणून वाचल्यास त्याचा अल्पसाच उपयोग होतो. त्याचे खरे मोल त्यात अनवधानाने नोंदल्या गेलेल्या गोष्टींत आहे. शेताची नावे कारकुनाने सीमा ठरविण्यासाठी लिहिली. त्यांत एक भाषा जतन झाली. मुलाचे नाव पट्ट्याची मुदत ठरविण्यासाठी लिहिले. त्यात एका कुटुंबाची चिंता जतन झाली. गुलामांची यादी मालमत्तेच्या किमतीसाठी केली. त्यात ज्यांचा दुसरा कोणताही अभिलेख नाही, अशा माणसांची नावे राहिली.

म्हणून ह्या क्षेत्रात प्रथम पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याने एक साधा नियम पाळावा. दस्तऐवज हाती आल्यावर विकणारा, घेणारा व किंमत ह्यांची टिपणे तर घ्यावीतच. पण त्याआधी ‘सध्या अमुक ह्याच्या वहिवाटीत असलेली’ अशा शब्दांनी चतुःसीमेत जे नाव येते, ते उतरवून घ्यावे. त्या माणसाने ती जमीन विकली नाही की विकत घेतली नाही. तो ती कसत होता, आणि पुष्कळदा एवढ्या एकाच ओळीत त्याचे नाव आढळते.